आत्तीची अट

"मला रगत पडतंय गं," हौसाआत्ती म्हणाली आणि शांतपणे चहाची बशी तोंडाला लावली.

मी नुकताच मैदानावरून आलो होतो. पायांत बूट, गळ्यात शिट्टी, अंगावर रेफ्रीचा काळा टी-शर्ट आणि त्याच्यावर वाळलेला घाम. मी दारातच थांबलो. माझी बायको अर्पणा पोह्यांची ताटली घेऊन तिच्यासमोर उभी होती, ती तशीच उभी राहिली.

"कुठून?" मी विचारलं.

मी एखादा चुकीचा फाऊल दिलाय अशा नजरेनं आत्तीनं माझ्याकडं बघितलं. "कुठून म्हंजे? सकाळी जाताना. आता किती उघडून सांगू चारचौघांत?"

"चारचौघं कुठायत? आम्ही दोघंच आहोत."

"तेवढी पुरं झाली."

हौसाआत्ती म्हणजे माझ्या वडलांची थोरली बहीण. सत्तरीला टेकलेली, गडहिंग्लजला एकटी राहणारी. मामा, म्हणजे तिचे यजमान, मी शाळेत असतानाच पोटाच्या दुखण्यानं गेले. मागं राहिलेल्या दोन मुली तिनं वाढवल्या, शिकवल्या, सासरी पाठवल्या आणि मग निवांत म्हैस पाळून राहिली. आमच्या कोल्हापूरकडच्या जुन्या बायका बोलताना सरळ 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. आत्तीच्या तोंडी तर ते इतकं शोभायचं की तिला दुसरं काही बोलता आलं असतं असं वाटत नाही. ताप आला तर काढा, गुडघा दुखला तर एरंडाचं पान. डॉक्टर हा प्रकार तिनं फक्त दुसऱ्यांसाठी ठेवला होता.

"कधीपासून पडतंय?" मी बूट काढत विचारलं.

"झाला असंल महिना."

"आणि आज सांगतेस? डॉक्टरला दाखवलंस?"

"न्हाय. आणि दाखवणार बी न्हाय."

"अगं, या वयात रक्त पडतंय म्हटल्यावर आतून तपासून घ्यायला नको? असली दुखणी अंगावर काढायची असतात काय?"

अर्पणानं पोह्यांची ताटली टेबलावर जरा जोरात ठेवली. "कोण बोलतंय बघा आत्ती! ह्यांना विचारा, डॉक्टरीणबाईंनी कधी बोलावलं होतं ते."

आता हे सांगायला हवं. चोविसाव्या वर्षी मला मोठ्या आतड्याचा आजार झाला. तेव्हा मी पेठेच्या टीममधून लेफ्ट विंगला खेळायचो. एका सीझनमध्ये माझा वेग असा काही वाढला की बघणाऱ्यांना कौतुक वाटायचं. त्यांना काय माहीत, की मी गोलकडं नाही, पलीकडच्या संडासाकडं धावतोय. दिवसातून बारा-पंधरा वेळा जायचो, रक्त आणि शेम पडायची, पोटात कळा यायच्या. मी कामाला असलेल्या शिरोलीच्या फाउंड्रीपासून माझ्या घरापर्यंत कुठल्या हॉटेलात संडास आहे, कुठला मालक चहा न घेता जाऊ देतो, हे मला तोंडपाठ होतं. शेवटी डॉक्टर मगदूम मॅडमनी दुर्बिणीनं बघून नाव सांगितलं, अल्सरेटिव्ह कोलायटिस. आतड्याच्या अस्तराला कायमची सूज. बरं होत नाही, पण ताब्यात राहतं.

आणि राहिलंही. गोळ्यांनी आधी माझा चेहरा फुगला, मग उतरला, मग पोट शांत झालं. लग्न झालं. खेळणं सुटलं होतं म्हणून रेफ्रीची परीक्षा दिली आणि शिट्टी घेऊन परत मैदानात आलो. मॅडमनी तेव्हाच बजावलं होतं, की आजाराला आठ-दहा वर्षं झाली की बरं वाटत असलं तरी वर्षा-दोन वर्षांनी आतून तपासायचं. एकदा केलं. पुढच्या वेळी सीझन सुरू होता. त्याच्या पुढच्या वेळी महापूर आला. आणि मग मला वाटायला लागलं, की जो माणूस नव्वद मिनिटं पोरांच्या मागं पळतो, वर प्रेक्षकांच्या शिव्या पचवतो, त्याच्या पोटात काय बघायचं राहिलंय?

अर्पणानं हे सगळं आत्तीला माझ्यासमोर, जरा तिखटमीठ लावून सांगितलं. आत्तीनं बशीतला चहा संपवला, पदरानं ओठ टिपले.

"मग बरोबर हाय की. त्यो घालून घेत न्हाय नळी, तर मी कशाला घेऊ?"

"माझं वेगळं आहे आत्ती. मला काही होत नाही."

"मला तरी काय हुतंय? थोडं रगत तर हाय."

"असं काय करतेस?"

"ऐक धैर्या." माझं नाव धैर्यशील, आत्तीला एवढं लांब नाव घ्यायला कधी वेळ झाला नाही. "तू माझ्याबरुबर नळी घालून घेणार असशील, त्याच दिवशी, त्याच दवाखान्यात, तर मी येतो. न्हायतर मी उद्या सकाळच्या गाडीनं निघालो गडहिंग्लजला. म्हस बघायला शेजारीण किती दिवस ठेवू?"

मी हसलो. म्हातारीला एकटीला भीती वाटत असणार, बरोबर कुणीतरी हवंय, एवढंच. आणि ही तपासणी म्हणजे काही मोठं नव्हतं, एक दिवस जाणार. "चालेल," मी म्हणालो. "जोडीनं जाऊ."

"शपथ?"

"शिट्टीची शपथ."

मगदूम मॅडमचा दवाखाना स्टेशनच्या बाजूला आहे. आत्ती आधी आत गेली, मी मागून. मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"तुम्ही! मला वाटलं तुम्ही कोल्हापूर सोडलं."

"नाही मॅडम, सीझन..."

"चार वर्षं चाललाय होय तुमचा सीझन?"

आत्तीनं तोंडावर पदर घेतला. हसू लपवायला असावा. मॅडमनी तिला तपासलं, प्रश्न विचारले, रक्त तपासायला पाठवलं आणि म्हणाल्या, "वरून तर काही दिसत नाही. पण या वयात रक्त पडतं म्हणता, तर आतून बघायलाच हवं." मग माझ्याकडं वळून, "आणि तुमची मुदत तर केव्हाच टळलीय. दोघांचं एकाच दिवशी करून टाकू."

आदल्या दिवसाची गोष्ट आमच्या घरात अजून सांगितली जाते. तपासणीच्या आधी आतडं धुऊन निघावं लागतं. त्यासाठी एक पावडर पाण्यात कालवून तांब्यावर तांब्या प्यायची. जेवण म्हणाल तर आधी दोन दिवस पातळ पेज, ताक, नुसता मऊ भात. त्यातच शेजारी कुणाच्या तरी घरी तांबड्या रश्श्याचा बेत होता आणि खिडकीतून वास येत होता. आत्तीनं उठून खिडकी लावली. "ह्यांची लेकरं आजच जेवायला आलीत व्हय?" असं म्हणून पेजेचा वाडगा तोंडाला लावला.

संध्याकाळी अर्पणानं टेबलावर दोन मोठे जग मांडले. एकावर आत्तीचं नाव, एकावर माझं. आत्तीनं पहिला घोट घेतला आणि डोळे मिटून बसली.

"कसं लागतंय?" अर्पणानं विचारलं.

"म्हशीच्या घमेल्यात मीठ-लिंबू पिळल्यावानी."

आमच्या घरात संडास एकच. हा मुद्दा तोवर कुणाच्या लक्षात आला नव्हता. तासाभरानं दोघांच्याही लक्षात आला, एकदमच. मी दोन पावलं पुढं होतो, पण आत्तीनं माझा शर्ट मागून धरला आणि मला बाजूला सारून आत गेली. सत्तरीच्या बाईत एवढी ताकद कुठून आली कुणास ठाऊक. मी पेठेच्या भल्याभल्या डिफेंडरांना रेड कार्ड दिलंय, पण असा शर्ट ओढलेला बघितला नव्हता.

"आत्ती, लवकर!"

"तुला काय हुतंय, तू तर बरा हायस न्हवं?" दारामागून आवाज आला.

शेवटी अर्पणानं माझी शिट्टी घेतली आणि पंच झाली. एक शिट्टी म्हणजे आतल्यानं आवरायचं, दोन शिट्ट्या म्हणजे बाहेरच्यानं सरकायचं. खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकांनी फोन करून विचारलं, की घरात कसला सराव चाललाय. अर्पणा हसून हसून खाली बसली. आत्ती बाहेर येऊन भिंतीला टेकली, घामानं भिजलेली, केस सुटलेले, आणि म्हणाली, "आता माझ्या पोटात अन्नाचा कण न्हाय आणि मनात पाप न्हाय. घ्या काय बघायचंय ते."

दुसऱ्या दिवशी आधी तिचं झालं, मग माझं. गुंगीच्या औषधातून मी जागा झालो तर आत्ती शेजारच्या खाटेवर बसून बिस्किट खात होती. चेहरा एकदम टवटवीत.

"माझं आतडं आरशासारखं हाय म्हणाल्या," तिनं जाहीर केलं. "मॅडम म्हणाल्या, आजी, विशीतल्या पोरीचं असावं तसं."

"मग रक्त कशानं पडायचं?"

"गरमीनं असंल. तू कसा हायस?"

मी काही बोलायच्या आत मॅडम आल्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्या खाटेपाशी बसल्या. त्या कधी बसत नसत. उभ्याउभ्याच बोलायची त्यांची सवय. मला तिथंच काहीतरी समजलं.

"बरंचसं अस्तर शांत आहे," त्या म्हणाल्या. "पण डाव्या बाजूला एका जागी जरा खरबरीत, सपाट चट्टा दिसला. रंगही वेगळा. तिथले तुकडे घेतलेत, बाकीही ठिकठिकाणचे घेतलेत. आठवड्यात रिपोर्ट येईल. तोवर मी अंदाज सांगणार नाही."

आत्तीनं बिस्किट परत पुड्यात ठेवलं.

रिपोर्ट घ्यायला मी आणि अर्पणा गेलो. आत्ती गडहिंग्लजला परतली नव्हती. म्हैस शेजारणीकडंच होती, आणि ती का थांबलीय हे मी विचारलं नाही. मॅडमनी कागद आमच्यापुढं केला नाही, सरळ बोलल्या.

"त्या चट्ट्यात पेशी बदलल्यात. आणि त्यातल्या एका तुकड्यात कॅन्सर आहे. सुरुवातीचा."

अर्पणानं माझा हात धरला. मला पहिल्यांदा सुचलं ते असं, की पुढच्या रविवारी फायनल आहे आणि माझं नाव मुख्य रेफ्री म्हणून छापून आलंय.

"पण मला काहीच त्रास नाही," मी म्हणालो. "रक्त नाही, दुखणं नाही. सूज तर केव्हाच गेली."

"सूज गेली नव्हती. तुम्हाला जाणवायची थांबली होती." मॅडम सावकाश समजावून सांगू लागल्या. "आधी जी काही वर्षं ती पेटलेली होती, नंतर थोडी थोडी धुमसत होती, त्या सगळ्या काळात तुमच्या आतड्याचं अस्तर जखमी होत होतं. जखम झाली की शरीर ती भरतं. भरायला नव्या पेशी करतं. परत जखम, परत नव्या पेशी. दहा-बारा वर्षं हे काम अखंड चाललं. इतक्या घाईनं, इतक्या वेळा पेशींच्या नकला काढायच्या, तर एखादी चुकतेच. बहुतेक चुका शरीर पुसून टाकतं. एखादी राहते. मग तिच्याच नकला निघत जातात. वर सुजेमुळं तिथं जी रसायनं साठलेली असतात, ती अशा पेशींना मरू देत नाहीत, उलट वाढायला मदत करतात."

 मी म्हणालो, "आमच्या स्टेडियममध्ये गोलच्या पुढ्यातलं गवत दर सीझनला उखडतं. दरवर्षी नवीन लावतात. काही वर्षांनी तिथं गवत येतच नाही, केनीसारखं रानटी तण उगवतं."

"अगदी तसं," मॅडम म्हणाल्या. "आणि म्हणून फक्त केनी उपटून भागत नाही. जमीन सगळी तीच आहे. मोठं आतडं पूर्ण काढावं लागेल."

"पूर्ण?"

"पूर्ण. छोट्या आतड्याची पिशवी करून खाली जोडता येते. मधे काही महिने पोटावर बाहेर पिशवी लावायची, मग ती बाहेरची काढून टाकतात. तुम्ही परत पळाल. आणि हे ऐका." त्या पुढं झुकल्या. "अजून वर्षभरानं आला असता, तर मी हे इतक्या हलक्या आवाजात सांगत नसते. तेव्हा अगदी योग्य वेळी आलात."

घरी आलो तर आत्ती दारात उभी होती. अर्पणानं तिला सांगितलं. मला वाटलं ती रडेल, देवाला बोलेल. तिनं फक्त विचारलं, "काढता येतंय न्हवं?"

"येतंय म्हणाल्या."

"मग बास," ती म्हणाली आणि आत जाऊन भात लावला. पण भाताला फोडणी देताना तिच्याकडून मोहरी सगळी ओट्यावर सांडली.

ऑपरेशन झालं. त्याचं वर्णन मी करत नाही, मला आठवत नाही आणि अर्पणाला आठवलेलं आवडत नाही. कॅन्सर आजूबाजूला पसरला नव्हता, केमोची गरज लागली नाही. पोटावरच्या पिशवीशी माझं सुरुवातीला जमलं नाही. ती ऐन बोलण्यात आवाज करायची. फाउंड्रीतल्या मित्रांनी तिचं नाव 'लाइन्समन' ठेवलं, कारण ती मधेच हरकत घ्यायची. काही महिन्यांनी दुसरं ऑपरेशन होऊन ती गेली. आता मला दिवसातून पाच-सहा वेळा जावं लागतं, ते मी सवयीनं निभावतो. पुढच्या सीझनला मी ज्युनियर पोरांच्या मॅचला शिट्टी वाजवली, त्याच्या पुढच्या सीझनला मोठ्यांच्या. पहिल्याच मॅचला प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "रेफ्री, डोळं फुटलं काय?" आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

खरी गोष्ट मला कळली ती त्यानंतर. वार्षिक तपासणीला गेलो होतो, सगळं ठीक निघालं. निघताना मॅडमनी सहज विचारलं, "आत्तींना परत कधी रक्त पडलं का हो? मला त्यांचं कोडं सुटलं नाही. मूळव्याध नाही, काही नाही, हिमोग्लोबिन तर माझ्यापेक्षा जास्त. महिनाभर रक्त पडलेली बाई अशी नसते."

मी घरी न जाता गडहिंग्लजची एसटी धरली.

आत्ती गोठ्यात होती. म्हशीला पेंड घालून ती हात धुवायला आली आणि मला बघून म्हणाली, "आलास? बस, चहा टाकतो."

"आत्ती, तुला रक्त कधी पडत होतं?"

तिनं तांब्यातलं पाणी हातावर ओतलं. सावकाश. एक हात, मग दुसरा.

"मॅडमनी इचारलं व्हय?"

"हो."

"हुशार बाई हाय."

ती ओट्याच्या पायरीवर बसली. मीही बसलो.

"तुझ्या मामांना असंच हुतं," ती म्हणाली. "रगत, शेम, पोटात कळा. तू लहान हुतास, तुला कुणी सांगितलं न्हाय. लग्न झाल्यापासनं मी बघत आलेलो. किती वैद्य, किती गंडे, किती गोळ्या. मग एका डॉक्टरच्या औषधानं थांबलं बघ. एकदम थांबलं. जत्रंतलं मटण खायाला लागले, रानात राबायला लागले. आमी दोघं बी इसरून गेलो, की ह्या माणसाला कधी काय हुतं. धा-बारा वर्सं ग्येली असतील. मग अन्न उतरंना, अंगावरचं मास ग्येलं. तालुक्याला न्हेलं तर डॉक्टर म्हणाले, आतड्याचा कॅन्सर हाय, लिवरपर्यंत ग्येलाय. म्हणाले, एवढी वर्सं आतनं सूज हुती, मधी कधी आतनं बघितलं न्हाई? मी म्हणालो, साहेब, आतनं बघता येतंय?"

 तिनं पदराला चिकटलेला पेंडीचा कण झटकला.

"मला ठाऊकच न्हवतं रं. आमाला कुणी सांगितलंच न्हाय, का बरं वाटल्यावर बी बघायचं असतंय. तुला तर डॉक्टरनं सांगितलंवतं. आणि मी तुमच्याकडं यायच्या आधीच अर्पणा फोनवर म्हणाली, आत्ती, ह्ये जात न्हाईत, म्हणतात मी नव्वद मिण्टं पळतो. मामा बी असंच म्हणायचे, मी दोन एकर नांगरतो."

"मग मला मामांचं सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाला असतास?"

मी विचार केला. "म्हणालो असतो, माझं वेगळं आहे."

"त्येच. तुला भ्या घातलं तर तू पळतोस. लहानपणी सुईला पळायचास, तीन माणसं लागायची धरायला. पर दुसऱ्याचं दुखणं म्हटलं, की पुढं हुतोस." ती हसली. "म्हणून म्हटलं, दुखणं माझं असू दे."

गोठ्यात म्हैस पेंड चघळत होती. माझ्या डोळ्यांपुढं त्या दिवशीची आत्ती आली, भिंतीला टेकलेली, घामानं भिजलेली. जिनं कधी डॉक्टरसमोर जीभ बाहेर काढली नव्हती, तिनं तो घाण जग संपवला होता, दवाखान्यातला तो मागून उघडा झगा घातला होता, नळी घालून घेतली होती. आणि तिला काहीसुद्धा झालेलं नव्हतं.

 मी विचारलं, "आणि आत्ती, माझ्या पोटातही काही निघालं नसतं तर? सगळं उगाचच झालं असतं की गं."

आत्ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि चहा टाकायला आत निघाली.

"उगाच कसं?" ती म्हणाली. "दोघांची पोटं तर साफ झाली असती."